चंद्रसेनाचे मास्तर
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या सत्रात आमच्या सरांनी वर्गात एक नवी प्रथा पाडली. युरोपातील नाटक, चित्रकला आणि संगीत यांची थोडीफार ओळख झाल्याशिवाय साहित्याचा अभ्यास पुरा होत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. म्हणून प्रत्येकाने एकेक विषय घ्यायचा आणि फळ्यापाशी उभे राहून वीस मिनिटे वर्गाला शिकवायचे. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. कुणाला इटलीतली चित्रकला आली, कुणाला बेथोव्हेन आला, एकीला ग्रीक रंगमंदिर आले. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते : शेक्सपिअरची शोकांतिका, हॅम्लेट.

खरे सांगतो, पोटात गोळा आला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील आंब्याच्या बागेत राखणीला असतात, आई हंगामात पेट्या भरायला जाते. आमच्या वाडीत नाटक म्हणजे नमन. शिमगा आला की गण, गवळण आणि मग वग. मी स्वतः दोन वर्षे संकासुर नाचलो आहे, काळा अंगरखा आणि उंच टोपी घालून. आता या संकासुराने डेन्मार्कच्या राजपुत्राविषयी काय बोलावे? ग्रंथालयात जाऊन मूळ पुस्तक उघडले तर ओळीओळीला शब्दकोश पाहावा लागू लागला. पहिला प्रवेश संपायला तीन दुपारी गेल्या. माझी ती धडपड पाहून ग्रंथपालांनी दुसऱ्या कपाटातून एक जाड ग्रंथ काढून माझ्यापुढे ठेवला. तो होता आगरकरांचा.

आगरकर म्हणजे सुधारक, एवढेच मला शाळेत शिकवले होते. केशवपनाविरुद्ध लिहिणारे, टिळकांशी भांडण झालेले, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेले. त्याच गृहस्थांनी हॅम्लेट मराठीत आणला आहे आणि तोही तुरुंगात बसून, हे मला एकोणिसाव्या वर्षी प्रथमच कळले. मग मी हॅम्लेट थोडा वेळ बाजूला ठेवला आणि आगरकरांचे चरित्र वाचायला घेतले. वाचता वाचता मला आपल्या गावाचे नाव दिसले.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी की मुलाला आजोळी कऱ्हाडला ठेवावे लागले. तेथे इंग्रजी तीन यत्तांपर्यंत शिक्षण झाले आणि पुढे वाट बंद झाली. मग कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात कंपाउंडरचे काम. शिकायची ओढ मात्र स्वस्थ बसू देईना. त्या ओढीने हा मुलगा सह्याद्री उतरून पायी रत्नागिरीला आला. इथल्या सरकारी हायस्कुलाचा तेव्हा लौकिक होता. थोड्याच वर्षांपूर्वी, १८६५ च्या सुमारास, रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे मुख्याध्यापक होते. पण शाळा चांगली असून भागत नाही. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवणही लागते. ती सोय काही लागली नाही. आगरकरांना आल्या वाटेने कऱ्हाडला परत जावे लागले.

चरित्रकारांनी हा प्रसंग दोन-चार ओळींत उरकला आहे. माझे डोळे मात्र त्या ओळींवरून पुढे सरकेनात. आज एसटीने कऱ्हाडहून इथे यायला घाट उतरून चार-पाच तास लागतात. पायी किती दिवस लागले असतील? आणि येताना मनात जी आशा होती ती परत जाताना नसताना तोच घाट किती उंच वाटला असेल? मी पहिल्या वर्षाला असताना गावात एका ठिकाणी माझी राहण्याची सोय झाली होती. ती तीन महिन्यांत मोडली. तेव्हा पहाटेची गाडी पकडून रोज ये-जा करायची, की शिक्षण सोडून एखाद्या कारखान्यात लागायचे, या विचारात मी मांडवीच्या जेटीवर एक अख्खी संध्याकाळ बसून काढली होती. ते मी घरी कुणाला सांगितले नाही. येथे सांगतो आहे ते केवळ या दोन ओळींपायी.

रत्नागिरीला टिळकांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. टिळक आळीतले त्यांचे जन्मस्थान पाहायला आपल्याकडे दूरदूरची माणसे येतात. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, म्हणजे आगरकर त्यांच्याहून नऊ दिवसांनी मोठे. टिळक दहा वर्षांचे असताना वडिलांच्या बदलीमुळे रत्नागिरी सोडून पुण्याला गेले. पुढे काही वर्षांनी आगरकर रत्नागिरीला आले. म्हणजे या दोघांची इथे चुकामूक झाली असे म्हणायला हरकत नाही. भेट झाली ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजात.

पण त्याआधी मध्ये अकोला आहे. नातलगांच्या आधाराने आगरकर वऱ्हाडात गेले आणि अकोल्याच्या शाळेतून १८७५ साली मॅट्रिक झाले. तेथे त्यांना विष्णू मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनी हे नुसते हेडमास्तर नव्हते. शेक्सपिअरच्या सिंबेलाइन नाटकावरून त्यांनी पुढे १८७९ साली तारा हे मराठी नाटक लिहिले. नाटकवाल्यांनी ते रंगभूमीवरही आणले. म्हणजे शेक्सपिअरला मराठी पोशाख चढवणारा माणूस आगरकरांनी ऐन शाळकरी वयात वर्गात पाहिला होता. मला वाटते, असे शिक्षक मिळणे ही अर्धी लढाई असते. ज्या मुलाला रत्नागिरीत जागा मिळाली नाही त्याला अकोल्यात नुसती जागाच मिळाली असे नाही, वाटही मिळाली.

डेक्कन कॉलेजातली आगरकरांची गरिबी प्रसिद्ध आहे. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी वाळला की पुन्हा तोच घालायचा. वऱ्हाडातल्या वर्तमानपत्राला लेख पाठवायचे, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मिळवायची आणि त्यावर दिवस काढायचे. एकदा परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी ठरवले की एक नाटक लिहावे, ते एखाद्या कंपनीला विकावे आणि फी भरावी. गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या हे कानावर गेले आणि त्यांनी फीची व्यवस्था करून या विद्यार्थ्याला त्या व्यापातून सोडवले. छत्र्यांचे उपकार मोठेच. तरी मला उगाच चुटपुट लागून राहिली की ते नाटक कोणते झाले असते! नाटक हा आगरकरांचा पहिला विचार होता, समाजसुधारणा नव्हे, ही गोष्ट आपण विसरतो.

१८७८ साली ते बी.ए. झाले. पुढे टिळक आणि ते कॉलेजच्या आवारात रात्री-अपरात्रीपर्यंत वाद घालीत आणि त्या वादांतून सरकारी नोकरी न करता शिक्षक व्हायचे असा दोघांचा निश्चय झाला. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि एम.ए. पुरे करून आगरकर त्यात आले. त्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता सुखाचे दिवस येतील, अशी आशा तिने धरू नये. आपण पोटापुरत्या पैशांवर राहून सारा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहोत, असा त्याचा आशय होता. हे पत्र थोर आहे असे सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण ते पत्र सरस्वतीबाईंना कुणी वाचून दाखवले असेल आणि ऐकून त्या काय म्हणाल्या असतील, याचाच विचार माझ्या मनात जास्त आला. माझ्या आईला असे पत्र लिहायचे धैर्य मला नाही.

१८८१ च्या जानेवारीत केसरी निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. वर्ष-दीड वर्षातच ते आणि टिळक तुरुंगात गेले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागले आहे असे सांगून बंदोबस्तात ठेवले होते. त्यांचा छळ होतो आहे आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे केसरी आणि मराठा या पत्रांनी लिहिले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले ती कोर्टात बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे एक लहानसे पुस्तक लिहिले आहे. ते आपल्या ग्रंथालयात आहे आणि वाचताना हसू येते, हे विशेष. अडचणीची खोली, वाईट अन्न, आणि रात्री दोघांचे वाद इतक्या मोठ्याने चालत की पहारेकऱ्याला येऊन त्यांना गप्प करावे लागे! आरंभी वाचायला-लिहायला काही मिळत नव्हते. पुढे पुस्तके आणि लेखनसाहित्य मिळू लागले, तेव्हा आगरकरांनी हॅम्लेटचे भाषांतर हाती घेतले.

हॅम्लेटच का? शेक्सपिअरची पस्तीसाहून अधिक नाटके आहेत. याचे उत्तर मला कुठे वाचायला मिळाले नाही, पण एक गोष्ट सुचली ती धीटपणे लिहितो. चुकली असेल तर प्राध्यापकांनी क्षमा करावी. हॅम्लेट ही एका तरुण राजपुत्राची गोष्ट आहे. बाप मेला आहे, गादीवर चुलता बसला आहे आणि दरबारात सगळे म्हणतात की राजपुत्राला वेड लागले आहे. त्याच्यावर नजर ठेवली जाते, पडद्यामागून त्याचे बोलणे ऐकले जाते, शेवटी उपचाराच्या मिषाने त्याला परदेशी धाडले जाते. वेडा म्हणवल्या गेलेल्या एका तरुण राजासाठी लिहिले म्हणून जो माणूस तुरुंगात बसला आहे, त्याच्या हाताला नेमके हेच नाटक यावे? भाषांतर विकारविलसित या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबरात कोल्हापूरचे ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात मरण पावले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय अवघे वीस. हे वाचले तेव्हा ग्रंथालयात पंखा चालू असूनही मला घाम फुटला.

आता भाषांतराविषयी. आगरकरांच्या आधीही शेक्सपिअर मराठीत आला होता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा अथेल्लो १८६७ चा, नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांचा टेंपेस्ट १८७५ चा. पण हॅम्लेट हे अवघड काम. आगरकरांनी डेन्मार्क पुसून टाकले आणि हॅम्लेटचा चंद्रसेन केला. नाटकाचे नावही राजपुत्राच्या नावावरून ठेवले नाही. विकार म्हणजे मनातले क्षोभ, राग, मत्सर, काम, संशय. त्यांचा खेळ तो विकारविलसित. या एका शब्दात त्यांनी वर्गात एक अख्खा तास शिकवावा तसे शिकवून टाकले आहे. हे नाटक भुताचे नाही, सुडाचे नाही, तर माणसाच्या मनात काय काय उसळते त्याचे आहे, हे वाचक पहिले पान उलटायच्या आत त्याच्या कानावर घातले आहे.

भाषा मात्र जड आहे. हे मी भीतभीतच लिहितो, पण आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे मराठी, त्यात संस्कृत वळणाची लांब वाक्ये. काही ठिकाणी मला इंग्रजी मूळ आणि मराठी भाषांतर शेजारी शेजारी ठेवून दोन्ही एकमेकांच्या मदतीने समजून घ्यावी लागली. पण त्यामुळेच माझे काम झाले. चंद्रसेन बोलतो ते अर्धे कळले की हॅम्लेट बोलतो त्याचा धागा सापडे. जगावे की जीव द्यावा असा विचार करणारे ते प्रसिद्ध स्वगत मला प्रथम मराठीतच समजले आणि मग इंग्रजीत. अशा रीतीने आगरकर माझे मास्तर झाले, पन्नास मिनिटांचा तास न घेता.

त्या काळच्या प्रेक्षकाला यात नवे काय होते, हे वर्गात सांगायचे म्हणून मी टिपणे काढली होती. त्यातले थोडे येथे देतो. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला आणि १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राचा दंडक असा की रंगमंचावर मरण दाखवायचे नाही. दुष्यंत-शकुंतलेचा वियोग होईल, पण शेवटी भेट होणार, आणि सर्वांचे कल्याण चिंतणारे भरतवाक्य म्हणून पडदा पडणार. उलट ग्रीकांच्या अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात राजाचा सर्वनाश दाखवणारी नाटके देवाच्या उत्सवात, उघड्या डोंगरउतारावर बसून हजारो लोक पाहत. गंमत अशी की प्रत्यक्ष हत्या तेही बहुधा पडद्याआडच ठेवीत आणि दूताकडून सांगवीत. शेक्सपिअरने तोही संकोच ठेवला नाही. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या हॅम्लेटच्या शेवटच्या प्रवेशात राजा, राणी, राजपुत्र आणि त्याचा प्रतिस्पर्धी अशी चार प्रेते प्रेक्षकांसमोर पडतात. अपराध्याबरोबर निरपराधीही जातात. याला न्याय म्हणायचे का? हा प्रश्न मराठी माणसापुढे आगरकरांनी टाकला. त्यांनी शेक्सपिअर, भवभूती आणि कालिदास यांच्यावर एकत्र निबंधही लिहिला आहे. परके ते सगळे थोर किंवा आपले ते सगळे थोर, अशी एका दमात वाटणी न करता तिघांनाही एकाच तराजूत घालून पाहण्याची ही रीत मला फार आवडली.

हॅम्लेटमध्ये नाटकातले नाटक आहे. राजवाड्यात एक नाटकमंडळी येते आणि राजपुत्र नटांना तालीम देतो. उगाच हातवारे करू नका, घसा फोडू नका, बोलणे आणि कृती यांचा मेळ ठेवा, विदूषकाने पदरचे विनोद घालू नयेत, असे तो त्यांना समजावतो. डोंगरीच्या खोलीत बसून हा भाग मराठीत उतरवताना आगरकरांतल्या शिक्षकाला केवढा आनंद झाला असेल! मला मात्र हे वाचताना लाज वाटली. संकासुर नाचताना मी पदरचे विनोद घालण्यात पटाईत आहे.

पुस्तक निघाल्यावर एक मजेची गोष्ट झाली. न्यू इंग्लिश स्कूलच्या विद्यार्थ्यांत हरी नारायण आपटे होते. तेच पुढचे थोर कादंबरीकार. या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांच्या भाषांतरावर निबंधचंद्रिका मासिकात एक भले लांबलचक परीक्षण लिहिले आणि त्यात गुण-दोष दोन्ही दाखवले. आपट्यांचा जन्म १८६४ चा, तेव्हा त्यांचे वय माझ्याएवढेच किंवा वर्षाने इकडे-तिकडे असणार. शेक्सपिअर तर समजून घ्यायचाच, वर शिक्षकाला तो कुठे समजला आणि कुठे निसटला तेही छापून सांगायचे! हे वाचून मला आधी आपट्यांचे धाडस वाटले. नंतर वाटले की ज्या शाळेत विद्यार्थ्याला असे लिहावेसे वाटले ती शाळाच तशी असली पाहिजे. वर आगरकरांच्या भाषेला मी जड म्हटले ते आपट्यांच्या जोरावर.

पुस्तक रंगभूमीवर गेले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. ही गद्य नाटके करणारी कंपनी. तिच्यात गणपतराव जोशी हे नट होते आणि स्त्रीभूमिका करणारे बळवंतराव जोग होते. फर्ग्युसन कॉलेजातले आगरकरांचे सहकारी प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी याच कंपनीसाठी शेक्सपिअरच्या दुसऱ्या एका नाटकावरून त्राटिका लिहिले आणि नटांना स्वतः तालीम दिली. दिवसा वर्गात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक नटांच्या तालमीत उभा राहून शब्द कसा टाकायचा ते दाखवतो आहे, हे चित्र मला फार मोहवते. पुण्याच्या त्या काळात कॉलेज आणि नाटक कंपनी यांच्यात आजच्याइतकी भिंत नसावी. गणपतरावांचा चंद्रसेन साऱ्या महाराष्ट्रात गाजला. १९२२ साली ते वारले तोपर्यंत हॅम्लेट म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गणपतराव उभे राहत. ज्यांनी शेक्सपिअरचे एक इंग्रजी अक्षर वाचलेले नव्हते असे हजारो लोक तिकीट काढून चंद्रसेनासाठी हळहळले. युरोपचे नाटक शिकवण्याचा याहून मोठा वर्ग कुणी भरवला असेल असे मला वाटत नाही.

आगरकरांच्या पुढच्या आयुष्याविषयी सर्वांनाच ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. तेथे ते इतिहास आणि तर्कशास्त्र हे विषय शिकवीत. मतभेद वाढले तेव्हा १८८७ साली त्यांनी केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचा सुधारक काढला. त्याच वर्षी त्यांचे वाक्यमीमांसा हे व्याकरणाचे पुस्तक निघाले. समाजाशी दोन हात करायला निघालेला माणूस त्याच वेळी मराठी वाक्याचे पृथक्करण शिकवीत बसला होता, हे कुणी फारसे सांगत नाही. १८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर ते प्राचार्य झाले. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली ती त्यांच्या दारावरून नेली. दम्याने शरीर पोखरलेच होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही न गाठता ते गेले. स्वतःच्या अंत्यविधीसाठी लागणारे थोडे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, कुणावर बोजा नको म्हणून. सदरा धुऊन वाळत घालणारा मुलगा प्राचार्य झाला तरी आत तोच राहिला होता. टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. इतकी वर्षे भांडलेल्या मित्रावर लिहिताना त्यांचे डोळे वाहत होते असे सांगतात.

माझी वीस मिनिटे कशी गेली ते सांगायचे राहिले. आरंभी आवाज फुटेना. मग मी इंग्रजी टिपणांचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि चंद्रसेनाची गोष्ट सांगायला लागलो. भुताच्या प्रवेशापाशी आल्यावर मागच्या बाकावरचे हसणारे गप्प झाले. कोल्हापूरच्या महाराजांचे सांगितल्यावर सरांनी मान वर केली आणि तास संपल्यावर त्यांनी मला ते कुठे वाचले ते विचारले. कुठे वाचले नाही, सुचले, असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी आणखी दोन पुस्तकांची नावे लिहून दिली आणि सुचलेले तपासून पाहायला सांगितले. तपासणे अजून चालू आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांनी विचारले, एवढे काय वाचतोस. जेवणे झाली होती. पडवीत बसून मी त्यांना सगळे नाटक सांगितले, भुतापासून तलवारीच्या खेळापर्यंत, चंद्रसेनाच्या नावाने. वाडीतली आणखी दोघे-तिघे येऊन बसली. चुलता देवापुढे गुडघे टेकून बसला असताना राजपुत्र त्याला का मारत नाही, यावर बाबांचे आणि शेजारच्या काकांचे चांगलेच जुंपले. काकांच्या मते पोरगा भित्रा. बाबांच्या मते तसे नाही, देवापुढे बसलेल्या माणसावर हात उगारायला मन धजत नाही. शेक्सपिअरने दिलेले कारण वेगळे आहे, पण मी मध्ये बोललो नाही. शेवटी चौघे मेल्याचे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की गोष्ट झकास आहे, पण आपल्या नमनात बसायची नाही. सगळेच मेल्यावर शेवटी देवाला हात जोडायला उभे कोण राहणार?